कोपरा फाटलेलं सतरावं पत्र

लिहून ठेवणार मी, वच्छलाबाई मुंजाबा हिवराळे, धर्म बौद्ध, धंदा पूर्वी शिवणकाम, आता बसून राहणं, वय त्र्याहत्तर (आधार कार्डावर एकाहत्तर आहे, ते लिहिणाऱ्यानं माझ्या तोंडाकडं बघून अंदाजानं घातलं), राहणार हर्सूल, छत्रपती संभाजीनगर. जुन्या कागदांवर औरंगाबाद आहे. गाव तेच, बाई तीच.

माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरची चिठ्ठी सोबत टाचली आहे. त्यानं विचारलं, आजी, आज वार कोणता. मी म्हणाले, तुमच्या दवाखान्यात एवढी गर्दी आहे म्हणजे सोमवार. त्यानं लगेच सही केली. कोणी धाक घालून किंवा गोड बोलून हे माझ्याकडून लिहून घेतलेलं नाही. गोड बोलायला आमच्या घरात तसंही कोणी नाही.

वकिलानं छापील नमुना दिला होता. त्यात पहिलंच वाक्य होतं की माणसाच्या जिवाचा भरवसा नाही. ते मी गाळलं. हा कागद उघडाल तेव्हा तुम्हाला ते कळलेलंच असेल. बाकी त्याचे शब्द जिथं चांगले वाटले तिथं ठेवले आहेत. अक्षर माझं आहे. मी विसाव्या वर्षी लिहायला शिकले, म्हणून जोडाक्षरं कुठं वाकडी पडतील. वाकडी असली तरी माझीच.

बाकीच्या मालमत्तेवरून घरात भांडण नाही. भांडण आहे ते एका पत्र्याच्या डब्यावरून. माझा नवरा मुंजाबा यानं एकाहत्तर सालच्या लढाईच्या आगेमागे सरहद्दीवरून घरी पाठवलेली एकवीस पत्रं त्या डब्यात आहेत. मुलगा इंद्रजीत म्हणतो डबा माझा, मुलगी सुलेखा म्हणते माझा. तीन महिने झाले, दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. न बोलणं किती लांबतं हे मला चांगलं माहीत आहे, म्हणून हा कागद करते आहे. घरदार आधी उरकते, मग डब्याकडं येते.

कलम १. हर्सूलचं घर, खाली दोन खोल्या, वर एक. मुंजाबा फौजेतून सुटून आला तेव्हा मिळालेल्या पैशातून चौऱ्याऐंशी साली घेतलं. तेव्हा इथं धड रस्ता नव्हता. लोक म्हणायचे, जेलच्या बाजूला कोण राहील. मी म्हणायचे, चोर सगळे भिंतीच्या आत आहेत, याहून बरी जागा कुठली. खालच्या दोन खोल्या इंद्रजीतला. वरची खोली सुलेखाला. तिला जालन्याला चांगलं घर आहे हे मला ठाऊक आहे. ते तिच्या नवऱ्याचं आहे. बाईला एक तरी खोली अशी पाहिजे जिची किल्ली तिच्याच कमरेला असेल. जिना दोघांचा. जिन्यात गाद्या आणि मोडकी कुलरं ठेवू नयेत.

कलम २. बँकेत जे निघेल ते दोघांत सारखं. पेन्शन माझ्याबरोबर बंद होईल, हे इंद्रजीतनं आधीच ध्यानात घ्यावं. गळ्यातली पोत आणि कानातलं सून सुकेशनीला. सुकेशनीचं तोंड माझ्यासारखंच आहे म्हणून आमचं कधी पटलं नाही. पण माझा खुबा मोडला तेव्हा चार महिने तिनं सगळं केलं, आणि करताना रोज बोलून दाखवलं. ते मला बरं वाटलं. मुकाट्यानं केलं असतं तर मला भीती वाटली असती.

कलम ३. शिवणमशीन नात मेघाला, म्हणजे इंद्रजीतच्या मुलीला. या मशीनवर तीस वर्षं मी गुलमंडीतल्या एका दुकानासाठी परकर शिवले. मेघा कॉम्प्युटरवर काम करते, ती शिवणार नाही. तरी तिलाच. महिन्याला तेल द्यावं. मोठी कात्री कापडाची आहे, तिनं केस आणि दुधाच्या पिशव्या कापू नयेत.

कलम ४. माझी बांबूची शिडी शेजारी बद्रीनाथ यांच्याकडं सहा वर्षांपासून आहे. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत. वकील म्हणतो, साक्षीदाराला काही देऊ नये, पुढं भानगड होते. म्हणून शिडी परत आणावी.

कलम ५. मुंजाबाची पदकं, टोपी, फौजेतली काळी पेटी आणि वर्दीतला फोटो इंद्रजीतला. सत्कार, जयंती, शाळेचा कार्यक्रम, कुठंही न्यावं. पदकं दाखवायसाठीच असतात.

कलम ६. आता डबा.

मी वकिलाला म्हणाले, नवऱ्याची पत्रं कोणाला द्यायची ते लिहायचं आहे. तो म्हणाला, "आजी, जे आपलं आहे तेच मृत्युपत्रात देता येतं. पत्रं तुमच्या नावानं आहेत ना?" मी म्हणाले, नवऱ्याची पत्रं बायकोची नाहीत तर काय तुमची? असं बोलून आले खरी, पण रस्ताभर माझं मलाच टोचत राहिलं. कारण एकाही पत्रावर माझं नाव नाही.

घरात हे पहिल्यांदा मेघानं पकडलं. इंद्रजीतनं फौजींच्या घरच्यांचा सत्कार करणाऱ्या कुठल्या तरी समितीला सांगून टाकलं होतं की आईकडं लढाईतली प्रेमपत्रं आहेत, सत्काराच्या दिवशी ती काचेत लावू. त्यासाठी मेघा पत्रांचे फोटो काढायला बसली. एकेक पत्र उघडून वाचत होती. सात-आठ झाल्यावर म्हणाली, "आज्जी, यात तर काहीच नाही."

"काही नाही म्हणजे? अक्षरं आहेत की."

"सगळ्यात तेच. तीर्थरूप आईस मुंजाबाचा सप्रेम जयभीम. मी खुशाल आहे. थंडी आहे. अप्पादादाला सांगावे बांध नीट घालावा. म्हशीला पेंड घालत जावी. बाकी ठीक. आज्जी, यात तुझं नाव पण नाही! पप्पा याला प्रेमपत्रं म्हणतात?"

सुकेशनी आतून म्हणाली, "म्हशीवर असेल प्रेम."

सगळे हसले. मीही हसले. पण ती पत्रं मी एकाहत्तर साली ऐकली होती तेव्हा ती अशी नव्हती. ते कसं, हे घरात कोणालाच माहीत नाही. डबा ज्या हाती जाणार आहे त्याचं कारण त्यातच आहे, म्हणून इथं लिहिते.

लग्न झालं तेव्हा मी सतरा वर्षांची, अडाणी. सासर अजिंठ्याचं. घरात सासूबाई, थोरले दीर अप्पाराव आणि त्यांची बायको मनकर्णाबाई, माझी जाऊ. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मुंजाबा महार पलटणीत, वर्षातून एकदा रजेवर यायचा. घरात वाचता येणारी एकटी मनकर्णा, चौथी पास. पत्र आलं की दिवेलागणीला अंगणात ती सासूबाईंना वाचून दाखवायची, तेच जे मेघानं वाचलं ते. मी चुलीपाशी बसून ऐकायची. माझ्यासाठी त्यात काही नसायचं. तेव्हा तशीच रीत होती. फौजेतला माणूस आईच्या नावानं लिहायचा. पत्र सगळ्यांपुढं वाचलं जाणार, त्यात बायकोची खुशाली विचारणं म्हणजे निर्लज्जपणा.

पण दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं घेऊन गेलो की मनकर्णा कमरेतून ते पत्र काढायची. म्हणायची, "आत्याबाईपुढं वाचलं नाय. ह्ये खाली तुझ्यासाठी येगळं लिवलंय. ऐक."

आणि वाचायची. पहाऱ्यावर उभं राहिलं की तू भाकरी थापतीस तो आवाज येतो, दोन थापा जोरात आणि एक हळू. निळं लुगडं रोज नेसू नको, मी आल्यावर नेस. एकदा वाचलं, तुझ्या पायात काटा मोडला होता तो निघाला का, रुतून बसला असेल तर गूळ तापवून बांध.

तो काटा मुंजाबा पलटणीत परत गेल्यावर दोन महिन्यांनी माझ्या पायात मोडला होता. सरहद्दीवर त्याला कोणी सांगितलं, हा प्रश्न मला पडला नाही. त्या वयात असे प्रश्न पडत नाहीत, आणि पडले तरी आपण ते दाबतो. सोळा पत्रं मी अशी नदीवर ऐकली. मला माझा नवरा त्या सोळा पत्रांतून माहीत झाला. तोंडानं तो माझ्याशी तोवर फार तर दहा वाक्यं बोलला असेल.

मग सतरावं आलं. डिसेंबर महिना, लढाई थांबून आठएक दिवस झाले होते.

आमच्याकडं मयताची बातमी देणाऱ्या पत्राचा कोपरा फाडायची रीत होती. घेणाऱ्याला हातात पडताक्षणी कळावं, एवढ्यासाठी. असं पत्र घरात वाचायचं नाही, जपायचं नाही. पोस्टमननं सतरावं पत्र शेतात सासूबाईंच्या हातात दिलं आणि मान खाली घालून पुढच्या वाडीला निघून गेला. पत्राचा वरचा उजवा कोपरा नव्हता.

फौजी पडला तर सरकारची तार येते, पत्र येत नाही. एवढी अक्कल त्या दिवशी अख्ख्या गावात कोणाला सुचली नाही. सासूबाई रस्त्यानं ओरडतच घरी आल्या. मनकर्णा म्हणाली, "आत्याबाई, वाचू का?"

"कोपरा गेलाय आन् आता वाचायचं काय राह्यलंय? उघडशील तर हात तोडीन तुझा!"

पत्र छपरात खोचलं. बायका जमल्या. आम्ही बौद्ध होऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. देव टोपलीत घालून नदीला दिले होते, पण बांगड्या फोडायची रीत कोणी दिली नव्हती. सासूबाईंनी माझा हात उंबऱ्यावर धरला आणि वरवंट्यानं फोडल्या. काच डाव्या मनगटात घुसली. वकिलानं ओळख पटायला अंगावरची खूण विचारली आहे, ती हीच लिहावी: डाव्या मनगटावर आतल्या बाजूनं दोन बोटं लांब वण.

मी रडले नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की निळं लुगडं पेटीत आहे, त्याची घडीही मोडली नाही, आता ते कोणाला द्यावं लागेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गोठ्यात बसले होते. मनकर्णा आली, शेजारी बसली, म्हणाली, "वच्छे, जिता हाय त्यो. मी वाचलंय. खुशाल हाय म्हन्तो. म्हशीला पेंड घाला म्हन्तो."

मी विचारलं, "आक्का, कधी वाचलंस?"

ती शेणाकडं बघत म्हणाली, "पयल्याच दिशी. गुरं बांधताना."

त्या घडीपासून मी तिच्याशी बोलणं सोडलं. पत्र सगळ्यांपुढं वाचलं गेलं, आणि सासूबाईंनी कासार बोलावून मला हिरव्या बांगड्या भरल्या. चुकलं असं कोणी म्हणालं नाही. पुढं मुंजाबा रजेवर आल्यावर कळलं की त्यानं वरच्या कोपऱ्यात ते होते त्या गावाचं नाव लिहिलं होतं. पत्रं तपासणाऱ्या साहेबानं तेवढा तुकडा फाडून घेतला. साहेबाला आमच्या रीतीचं काय माहीत.

मुंजाबा आला आणि उंबऱ्यात उभा राहून पहिलं काय विचारलं? म्हशीला पेंड घालता ना? मी निळं लुगडं नेसून उभी. त्यानं बघितलं आणि बैलाकडं गेला. मी मनाशी म्हटलं, लढाईनं माणूस बदलला.

त्र्याहत्तर साली तो मला पलटणीच्या क्वार्टरमध्ये घेऊन गेला. तिथं एक बाई पत्र्याच्या शेडमध्ये फौजींच्या बायकांना लिहायला शिकवायच्या. मी बाराखडी रागानं शिकले. पुन्हा कधी कोणाच्या तोंडून माझं पत्र ऐकायचं नाही, एवढा एकच हेतू. सहा महिन्यांत वाचता आलं तसा हा डबा काढला. एक पत्र वाचलं, दोन वाचली, एकवीस वाचली. भाकरीचा आवाज नव्हता. लुगडं नव्हतं. काटा नव्हता. दोन दिवस मला वाटलं की मलाच अजून नीट वाचता येत नाही.

मग कळलं. नवरा लढाईनं बदलला नव्हता. तो पहिल्यापासून तसाच होता.

म्हणजे मनकर्णेवर माझे दोन राग झाले. वर्षभर तिनं मला खोटं वाचून दाखवलं, आणि तीन दिवस खरं दाबून ठेवलं. चोपन्न वर्षं मी ते दोन्ही सांभाळले. लग्नात, मयतात आम्ही एकमेकींकडं पाठ करून बसलो. मुंजाबाला मी कधी सांगितलं नाही. तो दोन हजार नऊ साली गेला. चांगला माणूस होता. कमी बोलायचा, कधी हात उगारला नाही, पगार आणून हातात द्यायचा. ज्याच्याशी मी नदीवर लग्न केलं होतं तो मात्र तो नव्हता.

तर वकिलाचा प्रश्न असा उरला. पत्रं लिहिली नवऱ्यानं, सासूबाईंच्या नावानं. त्यातलं जे मला मिळालं ते बनवलं जावेनं. माझं त्यात काय? नुसतं ऐकणं. जे माझं नाही ते मी कोणाला देऊ?

म्हणून मागल्या महिन्यात मी एसटीनं अजिंठ्याला गेले. घरात सांगितलं, दात दाखवायला जाते.

मनकर्णा ओसरीवर बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अप्पाराव जाऊन चार वर्षं झाली, तेव्हाही मी तिच्याशी न बोलता परत आले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "कोण गं?"

"वच्छला."

"कोण मेलं?"

"कोणी नाही. बसू का?"

"बस की. तुला कवा इचारून बसायची सवय लागली?"

सुनेनं चहा आणला. मी कपाला हात लावला नाही. म्हणाले, "आक्का, त्या ओळी तू मनानं घालायचीस."

"व्हय."

"का?"

"तू तोंडाकडं अशी बघायचीस, जशी पाडी गवताकडं बघती. नुसती म्हैस वाचून उठाया जीव व्हत नव्हता."

"काट्याचं सुद्धा?"

"काटा मीच काढला व्हता ना सुईनं. तवा सुचलं." मग म्हणाली, "पर समदंच मनाचं नव्हतं हां. ती म्हैस कुणी दिलती?"

"माझ्या बापानं. लग्नात."

"मग? घरात चार बैल, दोन गाया. एकवीस पत्रात त्यांचं कुनाचं नाव हाय का? म्हशीचंच. आईच्या पत्रात बायकूचं कसं इचारनार तो? तो म्हैस लिवायचा, मी वच्छी वाचायची. येवढंच केलं मी."

हे मला चोपन्न वर्षांत सुचलं नव्हतं. सुकेशनी थट्टेत जे म्हणाली होती, तेच. मी चहा उचलला. गार झाला होता, तरी प्याले. मग दुसरा राग काढला. "आणि ते तीन दिवस?"

 तिनं हातानं जमीन चाचपून कप खाली ठेवला. म्हणाली, "पयल्या दिशी भ्याले. तुझ्या बांगड्या फुटून गेलत्या. आत्याबाईनी उगंच फोडल्या म्हनायची छाती कुनाची? आन् मयताचं पत्र उघडलं म्हनून ह्यांनी मला सोलली असती."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिशी भ्याले नव्हते." तिनं माझ्याकडं तोंड केलं, पण नजर बाजूला कुठंतरी. "दुसऱ्या दिशी तुझ्याकडं बघत बसले. माझा मालक जिता, एका ताटात जेवणारा, पर माझ्याशी कधी चार शबूद बोलला नाय. तुला वाचून दावता दावता मलाच वाटायचं की कुनीतरी मला लिवावं. तवा म्हनलं, आता ही बी माझ्यावानीच. एक दिस बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिशी नाय बघवलं."

मी तिला माफ केलं असं या कागदातून कोणी काढू नये. तसं कलम यात नाही. पण स्वतःविषयी इतकं खरं बोलणारं माणूस मला या वयापर्यंत दुसरं भेटलं नाही, आणि मी स्वतःही तशी नाही.

निघताना तीच म्हणाली, "सतरावं तुला येगळं वाचायचं राह्यलंच. भांडान झालं न् राह्यलं."

"मग आता वाच की. आणलंय मी."

"आता कुठं दिसतंय मला?"

"तेव्हा तरी कुठं बघून वाचायचीस?"

ती इतकी हसली की ठसका लागला, सून पाणी घेऊन पळत आली. पाणी पिऊन मनकर्णा म्हणाली, "ऱ्हाऊ दे ते येक. जी आधी जाईल तिच्यापुढं दुसरीनं वाचायचं."

मी व्हय म्हणाले. तोंडी करार आहे. साक्षीला सून होती, पण तिला वाटलं म्हाताऱ्या थट्टा करतायत.

कलम ७. वरचं सगळं लक्षात घेऊन मी ठरवलं आहे की पत्रांचा डबा, आतल्या एकवीसही पत्रांसकट, माझी जाऊ मनकर्णाबाई अप्पाराव हिवराळे, राहणार अजिंठा, हिला द्यावा. कागद मुंजाबाचा असला तरी त्यातलं निम्मं तिचं आहे, आणि ते कुठंच लिहिलेलं नाही, म्हणून इथं लिहिते.

मी गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईल त्या दिवशी तिला गाडी करून आणावी. एसटीनं आणू नये. इंद्रजीतनं स्वतः जावं आणि तिला मोठी आई म्हणावं. लहानपणी म्हणायचा, मी बंद केलं होतं. भन्तेजींचं आटोपलं की सतरावं पत्र तिच्या हातात द्यावं. फाटका कोपरा वर उजवीकडं येईल असं द्यावं, म्हणजे बोटांना कळेल. तिनं ते वाचावं. तिला दिसत नाही, हे मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे. ती वाचत असताना कोणी पत्रात डोकावू नये, मोबाईलमधला फोटो काढून ताडून बघू नये, आणि "मोठी आई, असं लिहिलेलं नाही" असं कोणीही, विशेषतः इंद्रजीतनं, म्हणू नये. जे वाचेल ते पत्रात आहे असं मी मान्य करते. मी ऐकायला नसणार, एवढं मला कळतं. तरी वाचावं.

ती माझ्याआधी गेली तर सतरावं पत्र मी तिच्यापुढं वाचीन. मला अशा ओळी जुळवता येत नाहीत. आतापासून एकेक जमवते आहे. परवा एक जमली, ती इथं लिहीत नाही.

आमच्या दोघींनंतर डबा मेघाला. घरात ती एकटी आहे जिनं पत्रं आधी वाचली आणि मग बोलली.

कलम ८. निळं लुगडं पेटीत तळाशी आहे, सुलेखाला. डब्याऐवजी लुगडं म्हणून ती तोंड वाकडं करील. तिनं वरचं वाचावं आणि मग तोंड सरळ करावं.

कलम ९. माझ्या हातात दोन काचेच्या बांगड्या आहेत. त्या कोणी फोडू नयेत. निघत नसतील तर माझ्याबरोबर जाऊ द्याव्यात. मुंजाबा खरंच गेला तेव्हाही मी कोणाला हात लावू दिला नव्हता. माझ्या एकदा फोडून झाल्या होत्या.

कलम १०. हे सगळं तडीस न्यायचं काम मेघावर सोपवते. इंद्रजीत किंवा सुलेखा यांच्यापैकी जो कोणी डब्याबाबत हरकत घेईल त्याचा घरातला हिस्सा दुसऱ्याला जाईल. आणि दोघांनी हरकत घेतली तर घर सुकेशनीला. ती हे वाचून हसत असेल. हसू दे. दोघा भावंडांनी हा कागद मिळायची वाट न बघता एकमेकांशी बोलायला लागावं, हे कलम नाही, सांगणं आहे.

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. हे पहिलं आणि, माझा स्वभाव बघता, शेवटचं.

ठिकाण : हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
तारीख : १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

लिहून ठेवणार : वच्छलाबाई मुंजाबा हिवराळे
(अंगठा नाही, सही.)

साक्षीदार १ : बद्रीनाथ काशिनाथ दांडगे, शेजारी. यांनी कलम चार वाचून सही केली आहे. शिडी रविवारी देतो म्हणाले.

साक्षीदार २ : द्वारकाबाई पुंडलिक म्हस्के, गल्लीतल्या. यांनी सगळं वाचलं, मध्ये दोनदा डोळे पुसले, म्हणून त्यांना चहा दिला. तो बक्षीस समजू नये.

एकूण पानं नऊ. दोन्ही साक्षीदारांनी एकेक पान हातात घेऊन बघितलं आहे. सगळ्या पानांचे चारही कोपरे शाबूत आहेत.